मिरीची चाल

मिरी दाराशी थांबली आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या धाकटीने कपाळ काचेला टेकवलं.

थांबायला काही कारण नव्हतं. दार चांगलं रुंद होतं, दोन घोडे शेजारी शेजारी जातील एवढं. पुढे सिमेंटचा सरळ ट्रॅक, ट्रॅकवर ऊन, पलीकडे गवत. मोतद्दाराने दोरी सैल धरली होती. तरी ती करड्या अंगाची, कुटलेले मिरे भुरभुरावेत तशा ठिपक्यांची घोडी दारात आली, मान खाली घालून जमिनीकडे पाहू लागली आणि तशीच उभी राहिली. मग पुढचा उजवा पाय तिने असा काही उंच उचलला की समोर पाण्याने भरलेला खड्डाच असावा. पाय पलीकडे टेकला. पुन्हा थांबली. मग दुसरा.

"पाहिलंत?" विभागप्रमुख शेजारच्या परीक्षकाला म्हणाले. "कालच्यासारखंच. आपला पाय कुठे आहे हे तिला कळत नाहीये."

विभागप्रमुखांना घोड्यांच्या रोगांवर काम करणारी ही सगळी संस्था पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणायची. ते चहात साखर घालतानाही चमचा कपाच्या काठावर घासून सपाट करून घेत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यासमोर कुणी 'साधारण' हा शब्द उच्चारला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"दोन," ते म्हणाले. "अडीच देता आले असते तर अडीच दिले असते."

घोड्याच्या मेंदूची नि मज्जारज्जूची तपासणी बरीचशी डोळ्यांनीच होते. चालवायचं, उलटं चालवायचं, लहान वर्तुळात फिरवायचं, डोळे बांधून चालवायचं, चालता चालता शेपूट धरून बाजूला ओढायची आणि घोडा तोल सावरतो का ते पाहायचं. निरोगी घोड्याला शून्य, आडवा पडून उठताच येत नाही त्याला पाच. शून्य मिळवण्यातच शहाणपण असलेली ही एकच परीक्षा, असं धाकटीचे बाबा म्हणायचे.

धाकटीला आज आत जायला बंदी होती. मालकाने किंवा मालकाच्या घरच्याने आपल्या घोड्याला गुण देऊ नयेत, हा नियम तिनेच दोन बैठका भांडून करून घेतला होता. आता तक्रार कुणाकडे करायची? आपलेच दात, आपलेच ओठ.

संस्थेत तिला 'धाकट्या डॉक्टर' म्हणत, कारण तिचे बाबा 'थोरले डॉक्टर' होते. उभा जन्म तबेल्यांतून फिरलेला घोड्यांचा डॉक्टर. त्यांना जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. मिरी ही त्यांची घोडी. घरामागच्या छोट्या तबेल्यात ती राहायची. बाबा गेल्यावर आईला एकटीला ते झेपेना, म्हणून धाकटीने तिला संस्थेच्या तबेल्यात आणलं. आणलं आणि त्याच आठवड्यात तिथे रोग शिरला.

हा रोग घोड्यांच्या दुनियेत जुनाच. माणसाला नागीण होते ना, त्या विषाणूचा हा चुलत भाऊ. एकदा घोड्याच्या अंगात शिरला की वर्षानुवर्षं नसांच्या गाठीत झोपून राहतो, आणि घर बदललं, प्रवास झाला, मन मोडलं की जागा होतो. बहुतेक वेळा ताप नि नाक गळणं यावर भागतं. गाभण घोडीचं पिल्लू मात्र पडतं. आणि कधी कधी तो मज्जारज्जूत उतरतो. तसं झालं की घोडा दारू प्यायल्यासारखा झुलतो, मग मागून बसतो, मग उठत नाही. मधल्या रांगेतला एक तांबडा घोडा असाच बसला. त्याला इंजेक्शन देऊन कायमचं शांत करावं लागलं. त्याच्या मज्जारज्जूत विषाणू सापडला.

मिरी होती शेवटच्या रांगेत. तिच्या भिंतीला लागून गाभण घोड्यांचा तबेला. तिला ताप नव्हता. नाकातून घेतलेल्या नमुन्याचा निकाल आला होता तो 'ना हो ना नाही' असा. आणि चाल अशी.

"हे बघ," मोजपट्टी बाहेर येऊन हातमोजे काढता काढता म्हणाले, "मी आडून बोलत नाही. गुरुवारी दुपारी शेवटची तपासणी. तेव्हाही दोन आले तर तिला शांत करून मज्जारज्जू बघावा लागेल. रोग शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाय की नाही, ते जिवंत घोडी सांगणार नाही. आणि तिची वाट बघत बसलो तर पलीकडच्या सगळ्या गाभण घोड्या..."

"मला माहीत आहे, सर."

"तुला माहीत आहे म्हणूनच सांगायला जड जातंय. दुसऱ्या कुणाला सांगून टाकलं असतं."

बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस. बाबांच्या अंत्ययात्रेत तो सगळ्यात मागे चालला होता, आणि तेही पावलं मोजल्यासारखा. धाकटीला त्याचा राग करायचा होता, पण राग धरायला कुठे जागाच सापडत नव्हती.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली, काढली, पुन्हा तीच ठेवली. कुलूप लावलं का ते बघायला परत गेली, तर कुलूप हातातच.

नमुने साठवण्याच्या खोलीत तिची मैत्रीण असायची. थंडगार कपाटांच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला, म्हणून तिचं नाव फ्रीजवाली.

"तू तिसऱ्यांदा आली आहेस," फ्रीजवाली म्हणाली. "विषाणूला घाई केलेली चालत नाही गं. नवा नमुना लावलाय. गुरुवारी सकाळी कळेल."

"आणि हो आला तर?"

"तर हो. नाही आला तरी मोजपट्टी म्हणतील, नाकात नाही म्हणजे पाठीत नाही असं थोडंच आहे? आणि त्यांचं चूक नाही."

"तुला कुणी विचारलं, ते बरोबर आहेत का?"

"हे बरंय. चिडलीस म्हणजे जिवंत आहेस. जा आता, घरी जा."

घरी आई बाबांचे सदरे घेऊन बसली होती. बाबांना कंपवात होता. बोटं थरथरायची, गुंड्या लागायच्या नाहीत, म्हणून आईने सगळ्या सदऱ्यांना टिचबटणं लावून दिली होती. आता ती एकेक टिचबटण उसवून पुन्हा साध्या गुंड्या शिवत होती. कुणाला द्यायचे तर नीट द्यावेत, म्हणाली.

धाकटी स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन निघाली, आईच्या खोलीत आली, कप न टेकवता पुन्हा बाहेर गेली, पुढच्या खोलीच्या खिडकीपर्यंत जाऊन परत आली. मग पुन्हा तेच.

"बस गं एका जागी," आई मान वर न करता म्हणाली. "घरात घोडा बांधल्यासारखं वाटतंय."

"बसवत नाही."

"मिरीचं काय म्हणाले?"

"गुरुवारी बघणार."

"बघून?"

धाकटीने कप दुसऱ्या हातात घेतला. आईला उत्तर कळलं. तिने दोरा दाताने तोडला आणि नवा ओवायला घेतला. सुईच्या नाकात दोरा काही जाईना.

"त्यांचा आजार पहिल्यांदा कुणी ओळखला, माहीत आहे ना तुला?" ती थोड्या वेळाने म्हणाली.

"त्यांनीच."

"अंगणात मला उभं केलं आणि म्हणाले, मी चालतो, तू डावा हात बघ, झुलतोय का. मी म्हटलं, नाही, अंगाला चिकटून आहे. मग म्हणाले, गोल फिरतो, पावलं बघ. मी म्हटलं, अहो, लोक बघतायत. तर म्हणतात कसे, बरंय मला शेपूट नाही, नाहीतर ओढायला लावली असती तुला."

दोघीही हसल्या. हसणं लवकर संपलं. धाकटी पुन्हा चालायला लागली. खोलीतून बाहेर, बाहेरून खोलीत.

"तुझा पाय दारात वाजत नाही," आई म्हणाली.

"काय?"

"चालतेस, चालतेस, आणि दारात गप्प होतेस. त्यांचंही असंच व्हायचं. मी आतून ऐकूनच ओळखायची, आता दारात आले."

धाकटीने खाली पाहिलं. ती दारातच होती. एक पाय जमिनीवर, एक हवेत, आणि हवेतल्या पायाखाली फरशीवर चिकटवलेली पांढरी पट्टी. कडा मळलेल्या, एक कोपरा सुटलेला.

कंपवाताच्या माणसाचा पाय दारात अडतो. सपाट जमिनीवर चालेल, जिना चढेल, पण दार आलं की पाय जमिनीला खिळतात. त्यावर एक साधा उपाय असतो: जमिनीवर आडवी रेघ दिसली की माणूस ती ओलांडायला पाय उचलतो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी हे सांगितलं आणि धाकटीनेच गुडघ्यांवर बसून घरभर, दारोदारी, पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. बाबा प्रत्येक पट्टीशी थांबायचे, खाली बघायचे, स्वतःलाच हुकूम सोडायचे, "टाका डॉक्टर, पाऊल टाका," आणि पाय चांगला उंच उचलून पलीकडे ठेवायचे. वर्षं झाली याला. बाबा गेले, पण आई काय नि धाकटी काय, अजून प्रत्येक दारात पाय उचलत होत्या.

आणि घरामागच्या तबेल्याच्या दारातही पट्टी होती. ती बाबांनी स्वतः चुन्याने मारून घेतली होती. रोज सकाळी मिरीची दोरी धरून ते याच दारातून जायचे नि यायचे.

कप कुठेतरी टेकवायला हवा होता. तिने तो जमिनीवरच ठेवला.

"आई, बाबा मिरीला घेऊन जायचे तेव्हा तबेल्याच्या दारात आधी कोण थांबायचं?"

आईने सुई खाली ठेवली. "आधी ते थांबायचे. ती बापडी दोरीला हिसका न देता उभी राहायची. मग दोघं बरोबर थांबायला लागले. शेवटी शेवटी तर ती आधी थांबायची, आणि ती थांबली म्हणून यांना कळायचं की दार आलं."

"आणि पाय?"

"पाय काय?"

"उंच उचलायची?"

"ते उचलतील तेव्हा उचलायची. मला वाटायचं, त्यांची थट्टा करते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. रोगाची बातमी आल्या दिवशी संस्थेने प्रत्येक दारात, प्रत्येक रांगेच्या तोंडाशी जाड पिवळ्या रेषा मारल्या होत्या. अलीकडे स्वच्छ बूट, पलीकडे मळके. रेषा ओलांडली की बूट बदलायचे. ट्रॅकच्या तोंडाशी एक रेषा होती. जिथे घोडा वळवतात तिथे दुसरी. आणि परीक्षक घोड्याची पावलं पाहायला सुरुवात करायचे ती नेमकी पहिल्या रेषेपासून.

धाकटीला तेव्हाच उठून संस्थेत जावंसं वाटलं. ती गेली नाही. ती दारातल्या पट्टीपाशी बसून राहिली, कारण आनंदामागोमाग दुसरी गोष्ट आली होती. मेलेल्या माणसाची चाल घोडीच्या पायांत दिसणं, हे कुठल्या लक्षणात मोडतं? दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे ऐकलं असतं तर तिने मान हलवून, चार दिवस रजा घ्या, असा सल्ला दिला असता.

दुसऱ्या दिवशी मोजपट्टींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी चष्मा काढून पुसला.

"तुला हे खरं असावंसं वाटतंय," ते म्हणाले.

"हो."

"वाटणारच. म्हणून मी तुझ्या शब्दावर जाणार नाही. तुझ्या जागी मी असतो आणि माझ्या जागी तुझे बाबा असते, तर तेही गेले नसते."

"मग माझ्या शब्दावर जाऊ नका. तिला गवतावर मोकळी सोडून बघा. तिथे रेषा नाही."

"मऊ जमिनीवर दोष लपतो. आणि मोकळा घोडा स्वतःला जमेल तेवढंच चालतो. त्यातून काही सिद्ध होत नाही."

"रेषांवर चटया टाका."

"म्हणजे चटई बघून बिचकली तर ते कशात मांडू?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते काही वेळ टेबलावरची फूटपट्टी उलटीसुलटी करत राहिले. "एक सांग. ही सवय आहे असं तुझं म्हणणं. बरोबर? मग सवय मोडता येते. मज्जारज्जूत बिघाड असेल तर हजार वेळा चालवलंस तरी पाय सुधारणार नाही. उलट दमून बिघडेल. त्याच दारातून, त्याच रेषेवरून, त्याच सिमेंटवर ती गुरुवारी न थांबता, पाय न उचलता चालली, तर मी मानेन."

"आणि मोडली नाही तर?"

"तर सवय आहे की रोग, हे मला कळणार नाही. आणि कळत नाही तोवर पलीकडच्या घोड्यांचा मी विचार करणार."

"तिला मी चालवू?"

"नियम गुण देण्याबद्दल आहे. दोरी धरण्याबद्दल तू काही लिहिलं नव्हतंस." एवढं बोलून ते हसल्यासारखे झाले.

धाकटीने पांढरा झगा चढवला, बूट बदलले, आणि मिरीची दोरी हातात घेतली. घोडीने तिच्या खांद्याचा वास घेतला, मग बाहीचा, मग मागे वळून पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून.

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "चल."

दार आलं. मिरी थांबली. धाकटीने दोरी ओढली. मिरीने मान ताणली, पण पाय हलवला नाही. ती हटून बसली नव्हती, हेच वाईट होतं. हट्टी घोडा कान मागे टाकतो. हिचे कान पुढे होते आणि एक डोळा धाकटीच्या पायांवर. ती वाट बघत होती. वेळ घ्या, मला घाई नाही, असं काहीतरी त्या उभं राहण्यात होतं.

आणि धाकटीला तिला त्या वाट बघण्यातूनच खेचून काढायचं होतं.

"हं, हं, पुढे!" तिने दोरी हिसकली. घोडी दचकून रेषेवरून उडीच मारून गेली. हे थांबण्यापेक्षा वाईट दिसलं.

सकाळ अशीच गेली. दारातून बाहेर, ट्रॅकच्या टोकापर्यंत, वळून परत. कधी थांबे, कधी उडी, कधी पाय गुडघ्याच्या वर. मोतद्दाराने दोरी धरून पाहिली. त्याच्याबरोबरही तेच.

"म्हातारीच्या डोक्यात पक्कं बसलंय, ताई," तो म्हणाला. "आमच्या सासूबाईंचं असंच आहे. घर बदललं, तरी जुन्या घराच्या मोरीकडे वळतात."

दुपारी फ्रीजवाली काचेपलीकडे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग काच ठोकून ओरडली, "अगं ए! तुला गुण द्यायचे का? दोनच्या खाली मी देत नाही!"

"काय झालं?"

"ती राहू दे. तू का थांबतेस रेषेवर?"

धाकटीने मान वळवली. काचेत तिचं प्रतिबिंब होतं: पांढरा झगा, डोक्याला टोपी, आणि एक पाय पिवळ्या रेषेअलीकडे अर्धवट उचललेला. शेजारी घोडी, तिचाही तसाच.

ती परत फिरली आणि या वेळी स्वतःकडे लक्ष ठेवून चालली. रेषा जवळ आली तसा तिचा श्वास आखडला. खांदा मागे गेला. दोरीला काही कळण्याआधी ते घोडीला कळलं. आणि ओठांतल्या ओठांत शब्द होते. सकाळपासून ती ते म्हणत होती, तिचं तिलाच माहीत नव्हतं. टाका डॉक्टर, पाऊल टाका.

मोतद्दारानेही त्याच्या पाळीला तिचं बघूनच घोडी चालवली होती.

म्हणजे आधी स्वतःची सवय मोडायला हवी होती. तिने मिरीला ठाणावर बांधलं आणि एकटीच दारातून ये-जा करू लागली. भरभर, नजर समोर, पाय जमिनीलगत. दोनदा ठेच लागली. मोतद्दार पाण्याची बादली घेऊन येत होता, तो बाजूला झाला आणि बघत राहिला. संस्थेतली शहाणी बाई दारातून आत-बाहेर करतेय म्हटल्यावर तो तरी काय बोलणार?

मग तिने मिरीला सोडलं आणि दोरी हातात घेतलीच नाही. दाराच्या पलीकडे ट्रॅकवर जरा लांब एक साधी बादली ठेवली, आणि मिरीच्या पुढे न राहता खांद्याशी राहून, बादलीवर नजर ठेवून, बाजारात उशीर झालेल्या बाईसारखी झपाझप चालू लागली. पहिल्या वेळी घोडी मागे राहिली. धाकटी थांबली नाही. तिला मागून खूर ऐकू आले नाहीत, तरी थांबली नाही. बादलीशी पोचल्यावर तिने वळून पाहिलं. मिरी दारातच उभी होती. रेषेकडे बघत होती, मग धाकटीकडे, मग परत रेषेकडे. शेजारी कुणी नव्हतं. कुणासाठी थांबायचं तेच तिला उमगत नव्हतं.

"ये," धाकटी म्हणाली. "ये गं. इथे कुणी अडलेलं नाही."

घोडीने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग पाय टाकला. अगदी साधा. घोडे टाकतात तसा.

बुधवारची संध्याकाळ होईपर्यंत दहातल्या सात-आठ वेळा ती सरळ जाऊ लागली. घरी गेल्यावर धाकटीने आईला विचारलं, पट्ट्या काढू का. आई म्हणाली, उद्याचं होऊ दे आधी.

गुरुवारी सकाळी फ्रीजवालीचा निकाल आला: नाही. स्पष्ट नाही. "पण उड्या मारू नकोस," ती म्हणाली. "नाकापुरता नाही."

दुपारी मोजपट्टी आले. सोबत बाहेरून बोलावलेली एक परीक्षक बाई होती. तिला घोडीबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, कुणाची आहे तेही नाही. मोजपट्टींनी मोतद्दाराला बाजूला केलं आणि धाकटीकडे दोरी दिली. "तू चालव. बोलायचं नाही. तिच्याकडे बघायचं नाही."

दार आलं.

धाकटीने गवताच्या कडेला असलेल्या एका खांबावर नजर लावली आणि चालत राहिली. रेषा तिच्या पायाखालून गेली. हाताला दोरी जाणवत होती, सैल, सैल, अजूनही सैल. मागे खुरांचा आवाज: एक, दोन, तीन, चार, मध्ये कुठे फट नाही. दारात पाय वाजत होते.

ट्रॅकच्या टोकाशी वळणाची रेषा आली. तिथे मिरीचं एक पाऊल किंचित अडखळलं. धाकटीचे पाय थांबले नाहीत, आणि घोडीचेही थांबले नाहीत.

मग उलटं चालवणं झालं, लहान वर्तुळं झाली, डोळे बांधून चालवणं झालं. शेवटी मोजपट्टींनी स्वतः शेपूट धरली. मागचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हाच ओढायची असते. उचललेल्या पायाच्या वेळी ओढलं तर निरोगी घोडाही झुलतो. हे त्यांना बाबांनी शिकवलं होतं. पाय टेकला, त्यांनी ओढली. मिरीचा तोल तसूभरही ढळला नाही. पुन्हा ओढली, चांगला जोर लावून. मिरीने मान वळवली आणि भर रस्त्यात पदर ओढणाऱ्याकडे एखादी पोक्त बाई बघेल तसं त्यांच्याकडे बघितलं.

परीक्षक बाई खुदकन हसली. "शून्य," ती म्हणाली. "हिला इथे कशाला ठेवलंय?"

मोजपट्टींनी शेपूट सोडली, हात पुसले. "वळणाशी एक पाऊल चुकलं," ते म्हणाले. मग बराच वेळ ट्रॅककडे बघत राहिले. "पण एकदाच. आणि ते दगडावरून असेल. शून्य."

त्यांच्या तोंडून 'असेल' हा शब्द संस्थेत कुणी पहिल्यांदाच ऐकला असेल. जाताना ते धाकटीशेजारी थांबले. काही म्हणायचं होतं बहुतेक. म्हणाले एवढंच, "तिच्या खुरांना तेल लाव. कोरडे पडलेत."

ताप मोजत राहायचा होता, नमुने घेत राहायचं होतं. रोग अजून संस्थेतून गेला नव्हता. पण मिरीला शेवटच्या रांगेतून हलवून संस्थेच्या मागच्या मोकळ्या तबेल्यात न्यायला परवानगी मिळाली. मोतद्दार म्हणाला, मी नेतो. धाकटी म्हणाली, नको.

मागच्या तबेल्याच्या दारातही पिवळी रेषा होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं आणि आतून कोरड्या गवताचा वास येत होता. रेषेपाशी आल्यावर धाकटी थांबली. या वेळी तिचं तिला माहीत होतं. तिने मान खाली घातली, रेषेकडे पाहिलं, आणि हळू आवाजात, अगदी त्याच ठेक्यात म्हणाली, "टाका डॉक्टर. पाऊल टाका."

आणि पाय उंच उचलला.

मिरी तिच्या शेजारून पुढे गेली. सरळ, साधं, खाली न बघता. तिचे कान गवताकडे होते. दोरी ताठ झाली आणि धाकटीचा हात पुढे ओढला गेला. तोल सावरायला तिला उचललेला पाय घाईने खाली टेकवावा लागला. तो रेषेवरच पडला.

घोडी काही थांबणार नव्हती. धाकटी तिच्या मागून आत गेली, जरा भरभर.